खटक्यावर बोट, मेनवर पलटी

"फिक्स", "फायनल फिक्स", "आता खरंच फायनल". कोडमधला बदल नोंदवताना सोबत लिहायचे हे कमिट मेसेज आहेत का लग्नपत्रिकेची प्रुफं? उद्या बग आला की शोधायचं कशात, माझ्या कपाळात?

लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, गिट काढलं. कोडमधल्या प्रत्येक बदलाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ते. जगभरची माणसं त्यात एका कोडवर नांदतात. आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका मजल्यावर बसणाऱ्या आमच्या पोरांना आपल्या बदलांसाठी कोडची वेगळी फांदी, साधी ब्रँच, काढायची जिवावर येते! थेट मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य ब्रँचवर, फोर्स पुश. आधीचं पुसून आपलंच वर ढकलायचं. दुसऱ्याचं दिवसभराचं काम उडालं? "भावा, माझ्याकडं चालतंय की!" मग क्लायंटला तुझाच लॅपटॉप पाठवू का?

नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार कोडचं, अख्खं फोल्डर गिटमध्ये ढकलायचं, डेटाबेसचा पासवर्डही ढकलायचा, वर ऐटीत सांगायचं, "पुढच्या कमिटात डिलीट केलाय." अरे, हिस्टरीत तसाच बसलाय तो! आता पासवर्ड बदलणार कोण? मीच. सर्व्हर बंद पडला म्हणून ओरडा खाणार कोण? तेही मीच.

शेवटी मेनला कुलूप घातलं. रिव्ह्यूशिवाय मर्ज नाही, म्हणजे दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कोड मेनमध्ये मिसळायचा नाही! लगेच सगळ्यांना ते कुलूप टाळायला ॲडमिन ॲक्सेस पाहिजे. "अर्जंट हाय." तुमचं अर्जंट नसतं कधी ओ? नाही म्हटलं की थेट साहेबांची केबिन. आणि साहेब काय म्हणतात? "देऊन टाक की रं."