चार जीबीचं शुक्लकाष्ठ

आपला लॅपटॉप हळू चालतोय हे चारचौघांत कधी बोलू नये. लगेच "नवीन घेऊन टाक" म्हणणारे पुढे सरसावतात. मी नीट पाहिलंय, या मंडळींकडे स्वतःचा लॅपटॉपच नसतो, ऑफिसने दिलेला असतो. दुसरा पंथ "रॅम वाढव, पळायला लागेल" वाल्यांचा. हे जास्त धोकादायक, कारण त्यांचं म्हणणं खरं असतं. फक्त "कुठली रॅम?" असं विचारलं की त्यांना नेमका दुसरा फोन येतो.

आमचं यंत्र २०१४ चं. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम. ब्राउझर उघडायला लावून मी आधण ठेवतो. चहा उकळतो, गाळून होतो, पिऊन होतो, कप विसळून पालथा पडतो. ब्राउझरचं पांढरं पान अजून विचारातच.

तर रॅम, म्हणजे यंत्राची कामापुरती स्मरणशक्ती. ती पट्टीवर येते, आणि पट्टीच्या पिढ्यांना डीडीआर२, ३, ४ अशी नावं. लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपच्या निम्म्या लांबीची, इथवर डोळ्यांना कळतं. डीडीआर२ ला २०० पिना, डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६०. शिवाय प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी, त्यामुळे भलती पट्टी भलत्या घरात शिरतच नाही. ज्याने हे ठरवलं त्याला माझा नमस्कार. पण डीडीआर३ पाशी त्याला काय सुचलं कोण जाणे! तिच्यात एक १.५ व्होल्टची आणि एक १.३५ व्होल्टची. खाच तीच, पिना तेवढ्याच, दोघी शेजारी ठेवल्या तर जन्मदात्यालाही ओळखू येऊ नयेत. फरक काय, तर स्टिकरवर मुंगीएवढा एक 'एल'. एलवाली १.३५ ची. ती जुन्या १.५ व्होल्टच्या लॅपटॉपातही सहसा निमूट नांदते. आमच्या चौथ्या पिढीला मात्र एलवालीच हवी. साधी बसवली तर बसते छान, पण पडदा काळा.

त्यात वेगाला दोन नावं. स्टिकर म्हणतो १२८००, दुकानदार म्हणतो सोळाशे. दोन्ही एकच, सोळाशेला आठाने गुणायचं. हे कुणी सांगत नाही, सगळे गृहीत धरतात.

मग लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने विचाराल तर ग्रँट रोड स्टेशनबाहेर उभे राहाल. लॅपटॉपच्या पोटावरचा मॉडेल नंबर इतक्या वर्षांत मांडीला घासून पुसला गेलेला. म्हणून मी जुन्या पट्टीच्या स्टिकरचा फोटो काढून नेला होता. (हे एवढं केलंत तरी अर्धी लढाई जिंकलात.)

काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे न बघताच विचारलं, "बोला काका."

"डीडीआर३. चार जीबी. सोळाशे."

"एल की साधी?"

"एल!" मी असा काही ओरडलो की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं.

पोराने फोटो बोटांनी मोठा केला, आत जाऊन एक पट्टी आणली. "लॅपटॉपमधून काढलेली आहे, ओरिजिनल."

"वॉरंटी?"

"टेस्टिंग वॉरंटी."

म्हणजे घरी जाऊन लावा, चालली तर तुमची, नाही चालली तर लगेच घेऊन या. मी जरा पुढे गेलो, थोडे जास्त पैसे मोजले आणि खोक्यातली घेतली.

घरी बॅटरी काढली, मागचं झाकण उघडलं, हिने टॉर्च धरला. पट्टी तिरकी सरकवायची आणि मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा 'टक' आवाज येईस्तोवर. केवढी दाबायची, ते कुठेही लिहिलेलं नाही.

"अहो, मोडेल!"

"अगं, जोर लावल्याशिवाय बसत नाही."

टक. तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामा, विंडोज ३२ बिटची नाही ना? तसं असेल तर चारच्या वरची रॅम नुसती शोभेला." हे त्याला आत्ता आठवलं. सुदैवाने ६४ ची निघाली.

पडदा उजळला. आठ जीबी! खाली बारीक अक्षरांत मात्र वापरण्याजोगी ७.९. उरलेली ग्राफिक्सने आधीच राखून ठेवलेली. मुंबईत घर घेतलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आठ ही बिल्टअप, ७.९ कार्पेट.

ही बातमी बिल्डिंगभर झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यांचा सुरीसारखा पातळ लॅपटॉप घेऊन आल्या. "यातही घाल ना रे एक पट्टी."

मी झाकण उघडून पाहिलं. "काकू, यात पट्टीला घरच नाही. रॅम बोर्डालाच डाख देऊन बसवलेली आहे. काढता येत नाही, वाढवता येत नाही."

काकूंनी लॅपटॉप परत पिशवीत घातला. "म्हणजे आमची पक्की बसवलेली. तुझ्यासारखी सुटी नाही."

आणि ताठ मानेने जिना उतरल्या.