मोगूबाई घरामुळे मागे राहिल्या का? कट्ट्यावर जुंपली त्याची गोष्ट

विषय काढला वकिलांनी, आणि नेहमीप्रमाणे निकाल आधी, सुनावणी नंतर. "गायिका म्हणून मोगूबाई कुर्डीकर केसरबाई केरकरांच्या तोडीच्या होत्या. पण संसारात अडकल्या, देवभोळ्या, मानी, म्हणून मागे राहिल्या. संपला विषय."

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमचा जो कंपू संध्याकाळी बसतो, त्यात एक गोयंकार आहे. त्याचं आजोळ सांग्याकडचं, मोगूबाईंच्याच मुलखातलं. त्याच्यासमोर हे बोलायचं म्हणजे कपाळमोक्ष.

"मागे राहिल्या? कितें सांगता रे?" तो उसळलाच. "१९६८ साली संगीत नाटक अकादमी, १९७४ साली पद्मभूषण. मागे राहिलेल्या बाईला देतात होय हे?"

"केसरबाईंना पद्मभूषण १९६९ सालीच मिळालं," वकिलांना तारखा तोंडपाठ. "शिवाय १९७७ साली व्हॉयेजर यानातून अमेरिकेनं केसरबाईंची भैरवी अंतराळात पाठवली. तुमच्या मोगूबाईंचं गाणं कुठवर पोचलं?"

"लेकीच्या, किशोरीताई आमोणकरांच्या गळ्यापर्यंत," बँकवाल्या वहिनी भेळेतून मान वर न करता म्हणाल्या.

पहिला गुण वहिनींना. पण वकील गप्प बसतात थोडेच! "तेच म्हणतोय मी. स्वतःचं गाणं बाजूला ठेवून मुलीला घडवलं. त्याग झाला तो. मोठाच, पण त्याग."

इथे मला राहवेना. मोगूबाईंच्या बाबतीत लोक घर एकीकडे आणि गाणं दुसरीकडे असं धरून चालतात आणि मग एकानं दुसऱ्याचं किती खाल्लं याचा हिशेब मांडत बसतात. ही वाटणी आपल्या पांढरपेशा घरांतली. मोगूबाई जन्मल्या १९०४ साली गोव्यातल्या कुर्डी गावात, कलावंतांच्या घरात. देवळाच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या त्या घरांत आईचं गाणं मुलीकडे यायचं, जसं दुसरीकडे बापाची शेती मुलाकडे जाते. आई जयश्रीबाई स्वतः गाणाऱ्या. पोरीचा गळा बघून त्यांनी तिला आधी जांबावलीला भजनं शिकायला घातलं, मग नाटक कंपनीत ठेवलं. मुलगी दहा वर्षांची असताना त्या गेल्या. ज्या घरात गाणं हीच इस्टेट, तिथे मुलीला गाणं देणं याला त्याग म्हणायचं की वारसा?

"वारसा," वहिनी म्हणाल्या. "आणि तोही अर्ध्यातच तुटलेला."

तबलजी इतका वेळ कट्ट्याच्या दगडावर बोटं वाजवत होते. ते म्हणाले, "तुटलेलाच. म्हणून तर सांगलीची गोष्ट महत्त्वाची."

ती गोष्ट कट्ट्यावर बहुतेकांना माहीत आहे, तरी तबलजींच्या तोंडून ऐकायला मजा येते. नाटक कंपनीतून बाहेर पडलेली, आजारी पडलेली मोगू मावशीबरोबर उपचारासाठी सांगलीला आली. घरात रियाज करायची. योगायोग असा की अल्लादियाखाँसाहेबही त्याच सुमाराला औषधपाण्यासाठी सांगलीत मुक्कामाला. येता-जाता त्यांच्या कानावर हा गळा पडायचा. एक दिवस सरळ घरात येऊन म्हणाले, मी शिकवतो. हे गृहस्थ कोण, हे पोरीच्या गावीही नव्हतं. उतारवयात खाँसाहेबांचा आवाज पार बसलेला. त्या आवाजात ते गायला लागले की तिला हसू आवरायचं नाही, असं सांगतात. जयपूर घराण्याचा उगम समोर बसलाय आणि ही खुसुखुसु हसतेय! मला या प्रसंगात सगळ्यात आवडतं ते हे की खाँसाहेबांनी ते मनावर घेतलं नाही.

"इथवर गोड," तबलजी म्हणाले, "पुढचं कडू."

पुढे खाँसाहेब मुंबईला गेले. त्यांच्यामागे मोगूबाईही आल्या, पण मुंबईत दार उघडेना. मोठ्या उस्तादांकडे आधीचे शागीर्द आणि त्यांचे श्रीमंत यजमान. नव्या मुलीला विद्या मिळणं त्यांना कसं रुचावं? मग आग्रा घराण्याच्या बशीरखाँ, विलायत हुसेनखाँ यांच्याकडे शिकून झालं. खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदरखाँ शिकवू लागले, तर त्यांनाही मुंबई सोडावी लागली. अखेर १९३४ साली खुद्द अल्लादियाखाँसाहेबांनी गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या करून घेतलं. सांगलीतल्या त्या दिवसानंतर तप उलटून गेलं होतं.

"आता वकील, तारीख बघा," वहिनींनी भेळेचा कागद चुरगाळला. "किशोरीताईंचा जन्म १९३१ चा. म्हणजे गंडा बांधला तेव्हा घरात तीन वर्षांची पोर. मुलगी सातेक वर्षांची होते तोवर नवरा गेला. पदरात तीन मुलं. आणि खाँसाहेब १९४६ साली वारले. म्हणजे खरी तालीम कुठल्या वर्षांत झाली? संसाराच्या ऐन धबडग्यातच ना? मग संसारानं गाणं मागे ठेवलं हे कुठून काढलंत? चूल पेटत होती तीच मैफिली आणि शिकवण्यांच्या पैशांवर."

वकिलांनी पवित्रा बदलला. ते बुद्धिवादी, गुरु म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येतो. "ठीक. पण ही तुमची श्रद्धा, गुरुभक्ती. किशोरीताईंनीच सांगून ठेवलंय की माई, म्हणजे मोगूबाई, शिकवताना बंदिशीची स्थायी दोनदा गाणार, अंतरा दोनदा, तिसऱ्यांदा नाही. लहान मुलीला असं शिकवतात? याला मी जाच म्हणेन."

"जाच नव्हे, कान तयार करणं," तबलजींनी दगडावर तीनतालाचा ठेका धरला, सावकाश. "सोळा मात्रा. जयपूरवाले नुसत्या 'आ'कारानं ते आवर्तन भरत जातात, शब्द मोडून-तोडून घाई नाही. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवात, कुठून उचलायचा ते आवर्तनात अगदी शेवटी कळतं, आणि समेवर, पहिल्या मात्रेवर, असे येतात की तबल्यावाल्याचं काळीज हलतं." त्यांनी डोळे मिटून बोट उचललं, आणि नेमक्या जागी दगडावर टेकवलं. "ही जागा वहीत लिहून येत नाही. तिसऱ्यांदा ऐकायला मिळणार आहे हे माहीत असलं की पहिल्यांदा कोण ऐकतो? मोगूबाईंची लयीवरची हुकमत अशीच आली असणार. त्यांनाही कुणी तिसऱ्यांदा ऐकवलं नसेल."

"म्हणजे सासूनं छळलं म्हणून सुनेला छळायचं!"

यावर बराच गोंधळ झाला. माझं मत वकिलांच्या बाजूला थोडं झुकतं. पद्धत कडकच होती, आणि ती सोसणारी मुलगी किशोरी आमोणकर निघाली म्हणून आपण तिचं कौतुक करतो. पण वकील एक विसरतात. याच कडक आईनं मुलीला आपल्याच घराण्यात डांबलं नाही. आग्र्याच्या अन्वर हुसेनखाँकडे, भेंडीबाजारच्या अंजनीबाई मालपेकरांकडे, ग्वाल्हेरच्या शरच्चंद्र आरोलकरांकडे तिला शिकू दिलं. स्वतः दारोदार फिरून मिळवलेली विद्या घरात आणून ठेवली, आणि वर मुलीसाठी दुसऱ्यांची दारंही उघडी ठेवली. बाहेरच्यांनाही हात आखडला नाही. कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर, अरुण द्रविड, ही सगळी माईंकडे शिकलेली माणसं. केसरबाईंनी शिष्या म्हणून घेतली ती धोंडूताई कुलकर्णी. यानात कुणाचं गाणं गेलं यापेक्षा मला ही यादी जास्त वजनदार वाटते.

गोयंकारानं तेवढ्यात कुर्डी आणलंच. ते आणल्याशिवाय त्याचा दिवस सरत नाही. साळावली धरणात ते गाव ऐंशीच्या दशकात बुडालं. जुनं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्यानं दगड न् दगड सोडवून धरणाजवळ नेऊन उभं केलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं, विस्थापित लोक सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात, आणि मोगूबाईंच्या घराचे अवशेष एकमेकांना दाखवतात. "देऊळ हललं, घर राहिलं," तो म्हणाला, आणि वकिलांकडे असं बघितलं जणू धरण त्यांनीच बांधलं.

वकिलांकडे शेवटचा हुकूम होता. "बरं, १९६४ चं काय? किशोरीताई 'गीत गाया पत्थरों ने' साठी गायल्या, तर माईंनी बजावलं, सिनेमात गाणार असशील तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही. तेहेतीस वर्षांच्या मुलीला! आणि मुलीनं ऐकलं. बाहेरची दारं उघडी म्हणता, मग हे काय?"

तबलजींनी मान डोलावली. हे त्यांनाही पटत नव्हतं. गोयंकार म्हणाला, तेव्हा मैफिलीतल्या बाईला मान मिळवायला जन्म जायचा, तो सिनेमात उधळू नये म्हणून ती बोलली असेल. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून गावोगाव जाऊन गायल्या होत्या माई. आयोजकांनी आईला कसं वागवलं ते बघितलं म्हणूनच आपण मानापमानाला इतक्या जपतो, असं किशोरीताई स्वतः सांगत. मुद्दा खरा, पण वकिलांचं समाधान होईना.

"तत्त्वाची गोष्ट होती ना? मग १९९० साली 'दृष्टी' सिनेमाला किशोरीताईंनी संगीत दिलं, तेव्हा माई होत्या की! त्या गेल्या २००१ साली. तेव्हा का नाही तंबोरे काढून घेतले?"

"तोवर," वहिनी पर्स सावरत उठल्या, "मुलीचे स्वतःचे तंबोरे झाले होते, वकीलसाहेब."