बारमाही म्हणे!

"पाणी कमी पडत असेल गं." हे आता आणखी एकानं जरी ऐकवलं ना, तर हातातली झारी त्याच्याच डोक्यावर रिकामी करणार आहे मी.

पाणी! सकाळी साडेसहाला घालते, संध्याकाळी ऊन उतरलं की घालते. गच्चीत नळ नाही, शेवटचा जिना बादल्या घेऊन चढते. टोमॅटोची ८ रोपं, कमरेएवढी झालीत, फुलांनी लगडलीत. आणि टोमॅटो? एक. तोही बुडाशी काळा पडलेला. (तो माझ्यामुळे, कबूल. दोन दिवस गावाला गेले, पाण्यात खंड पडला, की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.)

पण फुलांचं काय? काल चष्मा लावून बघत बसले. देठाला मध्येच एक पेर असतं, बोटाच्या सांध्यासारखं. आधी तिथे पिवळं पडतं, मग नुसती झुळूक आली तरी फूल टपकन खाली. रोज सकाळी बुंध्याशी सडा.

हे तहानेनं होत नाही हो! पारा ३५ च्या पुढे गेला आणि रात्रीही उकडत राहिलं की परागच निकामी होतात, फळ धरणार कुठून? आमच्या पुण्यात एप्रिलमध्ये चाळिशी गाठतो तो. गच्चीचा स्लॅब रात्री जेवणं झाल्यावरही तळपायाला गरम लागतो. त्यात रोपं लावलेल्या पिशव्या, त्या ग्रो बॅगा, काळ्या. दुपारी त्या मातीत बोट खुपसवत नाही. हे त्या नर्सरीवाल्याला ठाऊक नव्हतं? मार्चमध्ये चांगलं दोनदा विचारलं होतं. "बारमाही आहे ताई, लावा बिनधास्त." म्हणे बारमाही!

मिरचीची तर गोष्टच नको. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झालीत. सरळसरळ फुलकिडे. शेजारच्या काकू म्हणतात, दृष्ट लागली. आता काय, मिरचीच्या झाडाला लिंबू-मिरची बांधू? आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी परवा मला न विचारता, उपकार म्हणून, भर दुपारी बारा वाजता नीमतेल फवारलं! उन्हात तेल! संध्याकाळी जाऊन बघते तर अर्धी पानं करपलेली.

उपाय आहे ना. ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, शेडनेट. ती बांधू द्यायला सोसायटीची कमिटी तयार नाही, इमारतीची शोभा जाते म्हणे. पत्र्याच्या शेडखाली मोडक्या सायकली ठेवल्यात, त्यांनी मात्र शोभा वाढते.

आणि ती भेंडी! उरलेल्या चार बिया कोपऱ्यातल्या फुटक्या टबात टाकून विसरले होते. ना खत, ना फवारणी. याच उन्हात तरारून आलीय, दिवसाआड तोडली नाही तर निबर होते. घरात भेंडी एकालाही आवडत नाही.