टीव्ही शेतात सापडला नव्हता

आमच्या शाळेच्या ग्रुपवर ती पोस्ट वर्षातून एकदा तरी उगवतेच. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. अमेरिकेतल्या एका गरीब शेतकऱ्याच्या १४ वर्षांच्या पोराने शेत नांगरता नांगरता टीव्हीचा शोध लावला, आरसीए नावाच्या बड्या रेडिओ कंपनीने तो चोरला, बिचाऱ्याला एक पैसाही मिळाला नाही आणि तो कंगाल होऊन मेला. खाली हात जोडलेले इमोजी. पोराचं नाव फायलो फार्न्सवर्थ. माणूस खरा, शेत खरं, कंपनीही खरी. पण एवढ्या खऱ्या गोष्टी घेऊन शेवटी जे शिजवलंय ते बरंचसं खोटं आहे.

आधी शेताचं बघू. साल १९२१, गाव आयडाहो राज्यातलं रिग्बी. शेत होतंच, पण घरात विजेचा जनरेटरही होता आणि माळ्यावर विज्ञानाच्या मासिकांचा ढीग सापडला होता. दूरवर चित्र पाठवायला लोक भोकांच्या फिरत्या चकत्या वापरतात हे या पोराने वाचलं होतं. चकती फिरून फिरून किती वेगाने फिरणार? त्याऐवजी इलेक्ट्रॉन वापरावेत आणि नांगराचे तास जसे एकाशेजारी एक पडत जातात तसं चित्र ओळीओळीने पाठवावं, असं त्याच्या डोक्यात आलं. पुढच्या वर्षी त्याने रसायनशास्त्राचे शिक्षक जस्टिन टॉल्मन यांना फळ्यावर आकृती काढून ते समजावलंही. १४-१५ वर्षांच्या मुलासाठी हे अचाटच. पण ही झाली कल्पना. यंत्र व्हायला आणखी सहा वर्षं गेली, आणि पोस्टवाल्यांना त्या सहा वर्षांशी काही देणंघेणं नसतं.

मला विचाराल तर खरी गोष्ट तिथेच आहे. १९२६ मध्ये जॉर्ज एव्हरसन आणि लेस्ली गोरेल या दोघांनी त्याच्यावर सहा हजार डॉलर लावले. मग सॅन फ्रान्सिस्कोतल्या बँकवाल्यांनी पंचवीस हजार दिले आणि २०२, ग्रीन स्ट्रीट इथे प्रयोगशाळा थाटली. त्याला हवी होती तशी सपाट तोंडाची काचेची नळी बनत नाही, असं जाणकार सांगत होते. त्याचा मेहुणा क्लिफ गार्डनर काच फुंकायला शिकला आणि त्याने ती बनवून दाखवली. ७ सप्टेंबर १९२७ ला क्लिफने एका खोलीत काळ्या काचेवरची एक रेघ कॅमेऱ्यासमोर धरली आणि दुसऱ्या खोलीतल्या नळीवर ती दिसली. त्याने काच फिरवली तशी तिकडची रेघही फिरली. एव्हरसनने गोरेलला तार ठोकली, तिचा मराठीत अर्थ साधारण ‘मेलं चालतंय!’ असा. (आमच्या घरच्या डब्बा टीव्हीचं व्हर्टिकल गेलं की पडद्यावर एकच पांढरी रेघ उरायची आणि मेकॅनिकला बोलवायला पळावं लागायचं. इथे एका रेघेसाठी माणसं नाचत होती.)

आता नांगराची गंमत. त्या कॅमेऱ्याच्या नळीला इमेज डिसेक्टर म्हणत. भिंगातून आलेलं चित्र एका प्रकाशसंवेदी पत्र्यावर पडायचं. जिथे उजेड जास्त, तिथून जास्त इलेक्ट्रॉन सुटायचे. म्हणजे इलेक्ट्रॉनांचंच एक अख्खं चित्र नळीत तयार व्हायचं. बाहेरची चुंबकीय वेटोळी ते चित्र डावीउजवीकडे आणि वरखाली हलवायची, समोर एकच बारीक भोक असायचं, आणि भोकातून जेवढे इलेक्ट्रॉन आत शिरतील तेवढा सिग्नल. थोडक्यात, नांगर जागच्या जागी उभा आणि शेतच त्याच्याखालून सरकतंय! नांगराची उपमाच त्याच्या यंत्रात उलटी झाली होती, आणि ती उलटी करण्यातच त्याची करामत होती.

‘त्याच्याआधी जगात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं’ हे वाक्य काही पोस्टमध्ये असतं. निप्कोवची भोकांची चकती १८८४ ची. दोन्ही टोकांना कॅथोड किरणांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोतावर चालणाऱ्या, नळ्या वापराव्यात असं कॅम्पबेल-स्विंटनने १९०८ मध्येच ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. लंडनमध्ये बेअर्डने जानेवारी १९२६ मध्ये चकतीवर चालणारा टीव्ही लोकांना दाखवला, जपानमध्ये ताकायानागीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅथोड नळीवर एक अक्षर उमटवलं. फार्न्सवर्थचा मान एवढाच आणि एवढा मोठा, की कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत कुठेही फिरती चकती नसलेली साखळी त्याने चालवून दाखवली.

चोरीचा मुद्दा इतका झटकून टाकता येत नाही. एप्रिल १९३० मध्ये टीव्हीवरच काम करणारा इंजिनिअर व्लादिमिर झ्वोरिकिन फार्न्सवर्थच्या प्रयोगशाळेत तीन दिवस राहून सगळं बघून गेला आणि लगेच आरसीएसाठी काम करू लागला. फार्न्सवर्थने हातचं काही राखलं नाही, त्याला गुंतवणूक हवी होती. पुढच्या वर्षी आरसीएचा प्रमुख डेव्हिड सार्नोफ स्वतः येऊन गेला. संशयाला जागा आहेच. पण झ्वोरिकिनचा आयकॉनोस्कोप, म्हणजे त्याची कॅमेऱ्याची नळी, ही डिसेक्टरची नक्कल नव्हती. डिसेक्टरमध्ये ज्या क्षणी चित्राचा जो ठिपका भोकासमोर असेल तेवढेच इलेक्ट्रॉन कामी यायचे, बाकीचे वाया. म्हणून त्याला भयंकर उजेड लागायचा. १९२९ मध्ये फार्न्सवर्थने बायकोचा, पेमचा, चेहरा प्रक्षेपित केला तेव्हा त्या झोतापुढे तिचे डोळे मिटलेले होते. आयकॉनोस्कोप मात्र चित्र वाचण्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये विद्युतभार साठवून ठेवायचा, त्यामुळे कमी उजेडात भागायचं. स्टुडिओवाले कोणता कॅमेरा घेतील हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि शोध आधी कोणाचा, यावरून आरसीएशी झालेला पेटंटचा कज्जा? तो फार्न्सवर्थ जिंकला! १९३० च्या दशकाच्या मध्यात पेटंट कार्यालयाने अग्रक्रम त्याला दिला. याची भावुक आवृत्तीही फिरते, की मास्तरांनी जपलेल्या कागदाच्या चिटोऱ्याने आरसीएला हरवलं. टॉल्मन यांनी साक्ष दिली, विद्यार्थ्याने काढलेली आकृतीही पुढे केली, हे खरं. पण निकाल फिरला तो रुक्ष मुद्द्यावर: झ्वोरिकिनच्या १९२३ च्या अर्जात ‘विद्युत चित्र’ तयार करून ते ओळीओळीने वाचण्याची गोष्ट नव्हती, फार्न्सवर्थच्या ७ जानेवारी १९२७ च्या अर्जात होती. मास्तरांबद्दल आदर ठेवूनही हे सांगायला हवं.

‘एक पैसाही नाही’ हे तर सरळ खोटं. १९३९ मध्ये आरसीएने फार्न्सवर्थच्या कंपनीला दहा वर्षांत मिळून दहा लाख डॉलर आणि वर रॉयल्टी द्यायचं कबूल केलं. रॉयल्टी घ्यायची, द्यायची नाही, अशी ज्या कंपनीची ख्याती, तिने हे केलं. पैसा कंपनीला गेला, त्याच्या खिशात नव्हे, हे मान्य. त्याचा घात केला तो कॅलेंडरने. युद्ध आलं, संचांचं उत्पादन बंद पडलं, आणि त्याचं मुख्य पेटंट १९३० मध्ये मिळालेलं असल्याने सतरा वर्षांनी, १९४७ मध्ये संपलं. अमेरिकेत घरोघरी टीव्ही शिरला तो त्याच्यानंतर. १९४९ मध्ये कंपनीच आयटीटी या दुसऱ्या कंपनीला विकली गेली. आता यात चोर कुणाला म्हणायचं?

शेवटी तो अडचणीत होता, हे पोस्टमध्ये बरोबर आहे. कारण चुकलंय. साठच्या दशकात तो अणुसंमीलनाच्या, म्हणजे अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, मागे लागला होता. त्यासाठी नवी कंपनी काढली, होतं नव्हतं ते तिच्यात घातलं आणि ती बुडाली. ११ मार्च १९७१ ला ६४ व्या वर्षी तो न्यूमोनियाने गेला. टीव्हीने त्याला कंगाल केलं नाही. दुसरी, त्याहून अवघड गोष्ट करायला निघाला आणि त्यात बुडाला, एवढंच.

पोस्टमधला पोरगा कायम १४ वर्षांचाच राहतो. जुलै १९५७ मध्ये पन्नाशीचा फार्न्सवर्थ ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या सीबीएसवरच्या खेळात ‘डॉक्टर एक्स’ म्हणून बसला होता. हा कोण ते ओळखायचं होतं. तुमच्या यंत्राने माणसाला त्रास होतो का, असं एकाने विचारलं, तर हा म्हणाला, होतो कधी कधी, फार होतो. कोणालाच ओळखता आलं नाही. बक्षीस म्हणून ८० डॉलर आणि विन्स्टन सिगारेटचा एक खोका मिळाला. आता काय चाललंय असं निवेदकाने विचारल्यावर तो दोन हजार ओळींच्या चित्राबद्दल बोलू लागला. तेव्हा अमेरिका ५२५ ओळींचा टीव्ही बघत होती.