केकच्या सजावटीचं सामान विकायचंय? तो मेसेज आधी बाजूला ठेवा

घरबसल्या व्यवसायाच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. नाताळ जवळ आला की जरा जास्तच. सांगणं असं: केक सजावटीचं सामान ऑनलाइन विका, यात जोखीम शून्य. कारण एक, हे सामान म्हणजे काही खाद्यपदार्थ नव्हे, त्यामुळे फूड लायसन्सची भानगड नाही. दोन, सगळं सुकं असतं, खराब होत नाही. तीन, पाकिटावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असलं की डोळे झाकून विकायचं. चार, केकवर लागतं चिमूटभर, त्याने कुणाला काय होतंय? आणि पाच, किलोकिलोने होलसेलमधून आणायचं, घरी छोट्या डब्यांत भरायचं, मार्जिन दुप्पट.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. मैत्रिणीला चार पैसे मिळावेत म्हणून पुढे ढकललेला मेसेज आहे तो. पण त्यातलं एकच वाक्य अर्धं खरं आहे, बाकीची चार चुकीची आहेत.

अर्धं खरं वाक्य लायसन्सचं. नोझल, टर्नटेबल, स्पॅचुला, केकचे साचे हे खाद्यपदार्थ नाहीत, मान्य. पण त्याच दुकानात स्प्रिंकल्स असतात, साखरेचे मोती असतात, फॉन्डंट आणि गमपेस्ट (केकवर चढवायचे, फुलं घडवायचे साखरेचे गोळे), जेल कलर, इसेन्स असतात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये ‘अन्न व्यवसाया’ची व्याख्या ऐसपैस आहे: साठवणूक, पॅकिंग, वाहतूक, वितरण आणि अन्नघटकांची विक्रीसुद्धा त्यात येते. नफा झाला की नाही, दुकान आहे की इन्स्टाग्रामचं पान, याने फरक पडत नाही. आणि ज्याची एवढी धास्ती घातली जाते ते प्रकरण आहे केवढं? २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला परवाना नव्हे, नुसती नोंदणी सांगितली, फी वर्षाला १०० रुपये. अर्ज ऑनलाइन. स्प्रिंकल्सच्या एका डबीच्या किमतीत काम होतं, तर टाळायचं कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. परदेशी वेबसाइटवरून माल मागवून विकणाऱ्यांची गोष्ट निराळी. आयातदाराला केंद्रीय परवाना लागतो आणि पाकिटावर त्याचं नाव-पत्ता लागतो.

‘सगळं सुकं असतं’ म्हणणाऱ्याने केकच्या सामानाची यादी वाचलेली दिसत नाही. विप क्रीम सुकी असते का? नॉन-डेअरी विप क्रीमचा डबा फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवायचा असतो, वापरण्याआधी फ्रिजमध्ये हळूहळू सोडवायचा असतो आणि एकदा सुटला की पुन्हा गोठवायचा नसतो. तो थर्माकोलच्या खोक्यात दोन आइस पॅक टाकून एप्रिलमध्ये नागपूरला पाठवणारे विक्रेते आहेत. पोहोचेपर्यंत आत काय झालेलं असतं ते ग्राहकाला दिसत नाही, कारण क्रीम पुन्हा फ्रीझरमध्ये टाकली की पुन्हा कडकच दिसते. थंड साखळी सांभाळता येत नसेल तर क्रीम स्थानिक ग्राहकालाच विकावी, कुरिअरने नाही.

बरं, खरोखर सुक्या मालाचं काय? कोरड्या पदार्थात जंतू वाढत नाहीत हे खरं. पण न वाढणं म्हणजे मरणं नव्हे. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू चॉकलेटसारख्या कमी ओलाव्याच्या पदार्थात महिनोन्‌महिने तग धरतो. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या आर्लों इथल्या चॉकलेट कारखान्यामुळे युरोपभर साल्मोनेलाची लागण झाली, बहुतेक रुग्ण लहान मुलं होती. चॉकलेट काही ओलं नव्हतं. आपल्याकडे आणखी एक गंमत आहे, ती म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत उघड्या डब्यातली साखरेची फुलं दोन दिवसांत घामेजतात. ओलावा शिरला की तो माल ‘सुका’ राहत नाही, आणि मग बुरशीला वाट मोकळी.

आता ‘नॉन-टॉक्सिक’. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाच्या पार्टीत केक खाऊन १ ते ११ वर्षांची सहा मुलं आजारी पडली. उलट्या, जुलाब. केकवर ‘रोझ गोल्ड’ रंगाच्या चमकीचा, म्हणजे लस्टर डस्टचा, जाड थर होता. तपासलं तर त्यात तांबं निघालं, तेही भरपूर. पुढच्या वर्षी मिसुरी राज्यात एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं आढळलं. माग काढत गेल्यावर केकवरच्या पिवळ्या फुलांपर्यंत पोहोचले; त्या फुलांना लावलेल्या पावडरीत सुमारे २५ टक्के शिसं होतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने ही दोन्ही प्रकरणं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. ऱ्होड आयलंडच्या आरोग्य विभागाने बाजारातल्या इतर चमक्याही तपासल्या, तर ॲल्युमिनियम, बेरियम, कॅडमियम, क्रोमियम, निकेल अशी यादीच निघाली.

ही चमकी विकणं तिथे बेकायदा होतं असंही नाही. ती शोपीससाठी होती. शोकेसमधल्या डमी केकला लावा, साखरेच्या फुलाला लावून काचेत ठेवा, कोण अडवतंय? घोळ असा की ‘नॉन-टॉक्सिक’ आणि ‘केवळ सजावटीसाठी’ हे शब्द वाचून लोकांनी ती खाण्याच्या केकवर पसरली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यावर दिलेला सल्ला साधा आहे: खाण्यायोग्य चमकीच्या पाकिटावर घटकांची यादी असते. यादी नाही, नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ आहे, तर ती खाण्यासाठी नाही. हा निकष आपल्याकडेही तसाच चालतो, कारण आपल्याही लेबलच्या नियमांत पाकीटबंद अन्नावर घटकांची यादी सक्तीची आहे. ती नसेल तर ते अन्न म्हणून विकायलाच आलेलं नाही. हस्तकलेच्या दुकानातलं ग्लिटर तर बहुतेक वेळा ॲल्युमिनियम चढवलेल्या पॉलिएस्टरचा चुरा असतो. पोटात जाऊन फारसं काही करणार नाही कदाचित, पण प्लास्टिक मुलांना भरवायचं कशासाठी?

चांदीच्या वर्खाबद्दल आपण किती चिकित्सा करतो बघा. दिवाळीच्या आधी काजूकतलीवरचा वर्ख ॲल्युमिनियमचा तर नाही ना, म्हणून तो बोटांवर चोळून बघणारी माणसं आहेत. वर्खाची चांदी हजारात ९९९ भाग शुद्ध हवी, असं आपलं मानक आहे. तीच माणसं नातवाच्या केकवरची सोनेरी पावडर काय आहे हे विचारत नाहीत.

विक्रेत्यासाठी यातून एक काम निघतं. शोपीसची चमकी विकायची तर खुशाल विकावी, पण वेगळ्या विभागात, आणि फोटोत ती केकवर किंवा स्ट्रॉबेरीवर भुरभुरवलेली नसावी. फोटोत पेस्ट्री आणि वर्णनाच्या सातव्या ओळीत ‘खाण्यासाठी नाही’ ही चलाखी झाली. ग्राहक फोटो बघून घेतो.

‘चिमूटभराने काय होतंय’ याचं अर्धं उत्तर वर आलंच. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही मात्रा ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि पहिल्या वाढदिवसाच्या केकवरचं क्रीम सगळ्यात आधी बाळच चाटतं. उरलेलं अर्धं उत्तर रंगांचं. परवानगी असलेल्या टार्ट्राझिन, कार्मोइसिन, पॉन्सो ४आर यांसारख्या कृत्रिम रंगांनाही मर्यादा आहे: तयार केकमध्ये किलोला १०० मिलिग्रॅम. म्हणजे शुद्ध रंगाचा एक ग्रॅम दहा किलो केकला पुरतो. जेल कलर पातळ केलेला असतो, तरी ‘गडद लाल येईपर्यंत घालत राहा’ हा सल्ला किती महाग पडतो त्याचा अंदाज यावरून यावा. २०२४ मध्ये कर्नाटकच्या अन्न सुरक्षा विभागाने केकचे २३५ नमुने तपासले, त्यांतल्या १२ नमुन्यांत रंगांची गडबड सापडली. रेड व्हेल्व्हेट आणि ब्लॅक फॉरेस्टचं नाव त्यात आलं. उरलेले २२३ ठीक होते हेही सांगायला हवं, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण सुटी गुलाबी पुडी ‘फूड कलर’ म्हणून विकणं हा वेगळाच गुन्हा आहे. त्यात ऱ्होडामाइन बी निघू शकतो, जो कापड-कागद रंगवायचा रंग आहे आणि ज्याच्यामुळे २०२४ मध्ये तमिळनाडूने बुढ्ढी के बाल विकायला बंदी घातली.

राहता राहिला मेसेजचा लाडका मुद्दा: किलोचं पाकीट आणा, डब्या भरा.

भरायला हरकत नाही, पण मग तुम्ही नुसत्या विक्रेत्या राहत नाही, पॅकर होता, आणि नोंदणीतही तसं दाखवावं लागतं. मोठं पाकीट फोडलं की त्यावरची सगळी माहिती कचऱ्यात जाते: घटक, बॅच क्रमांक, अंतिम तारीख, उत्पादकाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, ॲलर्जीची सूचना, शाकाहारी-मांसाहारी खूण. ही प्रत्येक गोष्ट डबीवर पुन्हा यायला हवी. तारीखही मूळचीच, डबी भरल्या दिवसापासून नवीन वर्ष सुरू होत नाही. खुणेबद्दल तर आपल्याकडे जास्तच जपायला हवं. ‘एगलेस’ केक मागणारं गिऱ्हाईक मोठं आहे, आणि मेरिंग पावडरमध्ये अंड्याचा पांढरा बलक असतो, मार्शमॅलोमध्ये बहुधा जिलेटिन. डबीवर हिरवा ठिपका स्वतःच्या मनाने छापून चालत नाही.

घरी डब्या भरताना दुसरी अडचण चमच्याची. बदामाचे काप भरलेला चमचा नुसता पुसून स्प्रिंकल्सच्या पिशवीत गेला की बदामाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ती डबी धोक्याची झाली, आणि डबीवर त्याचा उल्लेख कुठेच नाही. हातमोजे घालून रील केलं म्हणजे स्वच्छता झाली असंही नाही; त्याच मोज्यांनी मोबाइल उचलला की मोजे असून नसून सारखेच. वेगळं कोरडं टेबल, प्रत्येक मालाला वेगळा चमचा, एका वेळी एकच माल, एवढं जमत असेल तर भरा. फोडणी चालू असलेल्या ओट्यावर नको.

आणि अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २७ या मेसेजच्या लेखकाने जरूर वाचावं. मुदत संपलेला किंवा अस्वच्छ जागी ठेवलेला माल विकला तर विक्रेता जबाबदार, हे कुणालाही सुचेल. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे: ज्या मालाचा उत्पादक किंवा वितरक ओळखता येत नाही, त्या मालाची जबाबदारीही विक्रेत्याचीच. कलम २६ म्हणतं, एखाद्या बॅचमधला काही माल असुरक्षित निघाला तर ती अख्खी बॅच असुरक्षित धरायची. आता डबीवर बॅच क्रमांकच नसेल तर कुठली बॅच परत मागवणार? तीन महिन्यांत विकलेल्या सगळ्याच डब्या संशयित.

म्हणून क्रॉफर्ड मार्केटमधून घ्या नाहीतर रविवार पेठेतून, कच्च्या चिठ्ठीवर दहा टक्के सुटतात म्हणून भुलू नका. बॅच क्रमांकासह पक्कं बिल मागा, फोडलेल्या पाकिटाचा फोटो काढून ठेवा आणि कुठली बॅच कुठल्या ऑर्डरला गेली ते वहीत लिहा. दुकानदार बिल द्यायला कां-कूं करत असेल तर त्याचा माल घेऊ नका.