झोपून श्रीमंत कसं व्हावं

लंडनमध्ये जमीनदार व्हायचं मनात असेल, तर आधी स्थळ नीट बघा. 1677 साली सर थॉमस ग्रोव्हनर यांनी बारा वर्षांच्या मेरी डेव्हिसशी लग्न केलं. मुलीबरोबर शहराबाहेरची कुरणं आणि दलदल आली. पुढे त्याच चिखलावर मेफेअर आणि बेलग्रेव्हिया या लंडनच्या महागड्या वस्त्या उभ्या राहिल्या. यात तुम्ही वीटसुद्धा उचलायची नाही. जमीन 99 वर्षांच्या पट्ट्याने द्यायची, घर भाडेकरूने स्वतःच्या पैशाने बांधायचं, आणि मुदत भरली की घरासकट जमीन तुमच्या पणतवाच्या पदरात. जमीनदार झोपेतच श्रीमंत होतात, अशी कुरकुर अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने केली होती. बिचाऱ्याला झोप येत नसावी.

भाडं शहरातून घ्या, पण राहा गावाकडच्या वाड्यात. कोल्ह्यांची शिकार करा आणि जेवताना शहराच्या नावाने बोटं मोडा: धूर, गर्दी, घाण! गरिबांची बाजू घेणारा पत्रकार विल्यम कॉबेट याने लंडनला आवाळू म्हटलं होतं. तो तुमच्या बाजूचा नव्हता, पण शब्द उसना घ्यायला भाडं पडत नाही.

कराची चिंता नको. इंग्लंडातला जमीन-कर 1692 च्या जुन्या आकारणीवर चालला आणि 1798 मध्ये तोच कायम झाला. दलदलीचं मेफेअर झालं, तरी फेरआकारणीचं नाव कुणी काढलं नाही. (फेरआकारणी इंग्रजांना येत नव्हती असं मात्र समजू नका. इंदापूरच्या शेतकऱ्याचा सारा त्यांनी 1836 मध्ये ठरवला आणि तीस वर्षं भरताच 1867 मध्ये चढवला. तिथं मेफेअर नव्हतं, नुसती बाजरी होती.)

जमिनीची किंमत माणसं गोळा झाल्यामुळे वाढते, म्हणून कर तिच्यावरच बसवा, असं अमेरिकन लेखक हेन्री जॉर्जने 1879 मध्ये लिहिलं. असल्या माणसाला सरळ चोर म्हणावं.

तरीही 1909 मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी जमिनीच्या किमतीतल्या आयत्या वाढीतला पाचवा हिस्सा कर म्हणून मागितलाच. अशा वेळी गरिबी दाखवता आली पाहिजे. बक्लूच्या ड्यूकने गावच्या फुटबॉल क्लबला कळवलं की, या करामुळे आता तुमची एका गिनीची (जेमतेम एका पौंडाची) वर्गणी परवडत नाही. शिकण्यासारखं आहे. उमरावांच्या सभागृहाने 350 विरुद्ध 75 मतांनी बजेटच फेटाळलं. ते अंगाशी आलं: बजेट पुढच्या वर्षी मंजूर झालं आणि 1911 मध्ये सभागृहाचा नकाराधिकारही गेला. पण घाबरू नका, कूस बदलून पडून राहा. 1920 मध्ये ते जमिनीचे कर रद्द झाले. तेव्हा पंतप्रधान होते लॉइड जॉर्जच.

फुटबॉल क्लबच्या गिनीचं काय करायचं, तेवढं उठल्यावर बघा.