गुडघेवाले काका

"ओ गुडघेवाले काका, तुम्ही बसा अजून!"

सोलापुरातल्या रेल्वे लाईन्समधल्या भरल्या दवाखान्यात कंपाउंडरनं हे ठणकावून सांगितलं. पोरगं विशीतलं. शाळेत असताना खो-खो, कबड्डी, लांब उडी आणि चारशे मीटर या सगळ्यांत एकाच चड्डीवर उतरलेल्या माणसाचं आडनाव त्यानं परस्पर बदललं. काका एकवेळ चालेल. पण गुडघेवाले?

शेजारी अशोक चौकाकडच्या एक आज्जी होत्या. जन्मभर विड्या वळलेल्या. मी न विचारताच सांगितलं त्यांनी.

"कुठला पाय रे?"

"उजवा."

"माझे दोन्ही." सुवर्णपदकवाल्यानं कांस्यवाल्याकडं बघावं तसं बघितलं.

"तुझं कशानं झालं?"

एवढ्या आपुलकीनं हल्ली कोण विचारतंय? मी खुललो. खो-खोत आठ जण चौकोनात उकिडवे बसतात, टाचा उचललेल्या, आणि पाठीवर खो पडला की गुडघ्याच्या जोरावर उसळी मारायची. नऊ मिनिटांचा डाव. खांबावर सूर मारायचा तो दगडासारख्या जमिनीवर. आज्जींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मजुरी काय द्यायचे?"

"मजुरी नाही आज्जी, प्रमाणपत्र द्यायचे."

"हजाराला?" विड्यांची मजुरी हजारावर असते, तसं.

"हजाराला नाही. जिल्ह्यात नंबर आला तर."

"आणि नाही आला तर?"

"तर काही नाही."

"पान-तंबाखू तरी कारखान्याचं असतंय आमच्यात. तुमचं सामान?"

"चड्डी आपली, बूट आपले. बूट नसले तर पाय आपले."

"फंड कापायचे?"

"नाही."

"युनियन?"

"आज्जी, आम्ही आठवी-नववीत होतो!"

"मग फसवलं की रे तुला मालकानं," आज्जी हळहळल्या. समोरच्या बाकावरचा हात गळ्यात बांधलेला माणूसही हळहळला. त्याचा काय संबंध?

आमचे मालक म्हणजे सर. शिकवायचे भूगोल. "पाय आहेत ना? मग सगळे खेळ येतात," हे त्यांचं क्रीडाशास्त्र. त्यामुळं खो-खोची पोरं तीच, कबड्डीची तीच, रिलेलाही तीच. मुरगळलं तर हळद, सुजलं तरी हळद, आणि दुसऱ्या दिवशी सामना. पण पार्क मैदानावर सामना असला की सायकलच्या हँडलला स्वतःच्या पैशानं घेतलेला केळ्यांचा घड अडकवून यायचे. त्यामुळं धड रागावताही येत नाही. आई डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी दुप्पट द्यायची, कारण निम्मं पोरं खाणार हे तिला ठाऊक. वडील चादरीच्या कारखान्यात. कप घरी आणला की उलटा करून बघायचे, खाली किंमत लिहिलीय का म्हणून.

कबड्डीतला आमचा डावा कोपरा, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभा राहणारा पोरगा, मात्र खरा खेळाडू. त्यानं घोटा धरला की चढाईवाला मध्यरेषेकडं नुसता हात लांबवत राहायचा. दहावीला गणितात थोडक्यात गेला. खेळाडूंना वाढीव गुण असतात, त्याचा अर्ज शाळेनं पाठवायचा होता. तो कपाटातच राहिला. "तारीख गेली," म्हणाला कारकून, चहा ढवळत. आमच्या ढालीसोबतचा फोटो त्याच कपाटावर टांगलेला होता. परवा हा डावा कोपरा सात रस्त्याला भेटला, रिक्षा चालवतो. भाडं घेईना. मला चीड आली, आणि ती कुणावर काढायची तेही कळेना.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा मी टीव्हीपुढून हललो नाही. दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून आपल्या पुरुषांनी आणि महिलांनीही कप घेतला. टाळ्या पिटल्या मी, खोटं कशाला बोलू. पण सारखं लक्ष जात होतं त्या खालच्या मॅटकडं. मऊ मॅट! आणि पायात बूट! आमच्या वेळी मऊ काय होतं, तर केळी.

हे सगळं आज्जींना सांगणार, तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. दोन्ही हात मांड्यांवर रेटून त्या उठल्या आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"आत गेल्यावर खेळून झालंय म्हणू नको. बसून झालंय म्हण. खेळणाऱ्याकडनं जास्त घेत असतील."

मी आत जाऊन तसंच सांगितलं. फी काही कमी झाली नाही. वर डॉक्टर म्हणाले, रोज जरा पळत जा.